बाबांच्या पायाचं माप

इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये हाडांच्या डॉक्टरांची हत्यारं दुरुस्तीला येतात. बोथट छिन्न्या, आटे गेलेले दांडे, जखम उघडी धरायचे, वाकडे झालेले रिट्रॅक्टर, डोकं हलायला लागलेले हातोडे. बाबांनी वर्कशॉप सुरू केलं तेव्हा इथे पंपाचे शाफ्ट बनायचे. मग कधीतरी एका डॉक्टरांनी मोडका दांडा आणून दिला, बाबांनी तो असा काही जोडला की पुढच्या वेळी अख्खा डबाच आला, आणि हळूहळू शाफ्ट मागे पडले. मी इंजिनिअरिंग करून बाबांच्या हाताखाली लागले ती आजतागायत. माझं लग्न झालं, आई गेली, मल्हारगंजच्या घरात बाबा एकटे राहिले. मी दोन गल्ल्या सोडून राहते. सकाळी त्यांना घ्यायचं आणि दोघांनी मिळून शटर उघडायचं, हे मात्र कधी चुकलं नाही.

येणाऱ्या सगळ्या डब्यांमध्ये खुब्याच्या सांध्याचा सेट बाबांच्या विशेष लाडाचा. तो उघडण्याआधी ते चष्मा पुसायचे. त्यात अर्ध्या चेंडूसारखे रीमर असतात, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले, अंगावर खोबऱ्याच्या किसणीसारखी धारदार भोकं. खुब्याची वाटी झिजून खडबडीत झालेली असते, ती या रीमरने खरवडून पुन्हा गोल करतात. मग नवी वाटी ठोकून बसवायचा जाड दांडा. मग ब्रोच, म्हणजे मांडीच्या हाडाच्या पोकळीत घालायच्या कानशी. एकेक नंबर वाढवत त्या आत ठोकत न्यायच्या, की नव्या सांध्याच्या दांड्याला बसायला जागा तयार होते. आणि एका कोपऱ्यात रंगीत प्लास्टिकचे गोळे, नुसते घालून बघायचे. रीमर आणि ब्रोचच्या दातांना आम्ही हात लावत नाही, ते कंपनीचं काम. आमच्याकडे मुठी, खटके, स्प्रिंगा. तरी बाबा प्रत्येक नग उजेडात फिरवून बघणार आणि मलाही दाखवणार, जसा काही मी तो जन्मात पहिल्यांदाच बघतेय.

अशा माणसाचा स्वतःचा खुबा झिजावा आणि त्याने तो वर्षानुवर्षं लपवून ठेवावा, याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. विचारलं की वात आहे म्हणायचे. चपलेला दोष द्यायचे, नगर निगमने खोदलेल्या रस्त्याला द्यायचे. डावा पाय आखडत गेला, चाल लंगडी होत गेली, आणि आम्ही सगळे त्या चालीला इतके सरावलो की गल्लीतून पावलं वाजली की बाबा आले हे मिस्त्रीला न बघता कळायचं. मिस्त्री म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात जुना कारागीर.

वर्कशॉपमधला सगळ्यात जुना लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, बाबांनी स्वतःसाठी ठेवला होता. बारीक, नाजूक काम ते त्याच्यावर स्वतः करायचे, आणि उभं राहूनच करायचे. बसून लेथ चालवणं म्हणजे त्यांच्या लेखी झोपून जेवण्यासारखं. एका सकाळी त्यांनी अर्ध्यातच मशीन बंद केलं, मिस्त्रीला हाक मारली आणि जरा पुढचं बघ म्हणून सांगून बाहेर जाऊन बसले. मी मागोमाग गेले. त्यांचा हात खुब्यावर होता आणि चेहरा पांढरा पडला होता. त्या दिवशी मी त्यांना विचारलंच नाही, सरळ गाडीत घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर आमच्या ओळखीचे, त्यांचे डबे आमच्याकडेच येतात. एक्स-रे बघून ते म्हणाले की गोळा आणि वाटी दोन्ही गेलंय, सांधा बदलावा लागेल. बाबांनी आधी एकच गोष्ट विचारली. आयुष्यात त्यांना फार काही हवं होतं असं मला कधी वाटलं नाही, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

"डॉक्टर साहब, मैं लेथ पे खड़ा हो पाऊंगा कि नहीं? बाकी मला काही नको."

डॉक्टर हो म्हणाले. मग बाबांचा जीव शांत झाला आणि त्यांनी डॉक्टरांची उलटतपासणी सुरू केली. कुठून कापणार, कोणता स्नायू बाजूला करणार, जुना गोळा कसा काढणार. डॉक्टरही मजेत आले. त्यांनी सेट मागवून टेबलावर उघडला. खुब्याच्या मागच्या बाजूने आत शिरायचं, सांधा निखळवायचा, करवतीने हाडाची मान कापून गोळा काढायचा. वाटी खरवडत जायची, खाली ताजं, रक्ताळलेलं हाड दिसलं की थांबायचं. दांडा बसवल्यावर त्यावर आधी प्लास्टिकचा गोळा लावून बघायचा, पाय सगळीकडे फिरवून बघायचा, निसटत नाही ना. मग खरा गोळा. बाबांनी विचारलं, पायाची लांबी कशी जुळवता? डॉक्टर म्हणाले, आधी एक्स-रेवर आखून घेतो, मग टेबलावर दोन्ही गुडघे शेजारी ठेवून बघतो, आणि बाकी पाय ओढून बघितला की हाताला कळतं.

"हाताला कळतं" हे बाबांना मुळीच पटलं नाही. घरी येईपर्यंत ते गाडीत तेच घोळवत होते. स्वतः आयुष्यभर हाताने काम केलेला माणूस, पण मापाच्या बाबतीत त्यांचा स्वतःच्या हातावरही भरवसा नसायचा. माप म्हणजे आकडा. आकडा नाही तर माप नाही.

ऑपरेशनला कमरेतून भूल दिली होती. वरून झोपेचं थोडं औषध होतं, पण बाबा अर्धवट जागेच राहिले. हे मला डॉक्टरांनी नंतर बाहेर येऊन हसत हसत सांगितलं. ब्रोच ठोकताना आवाज बदलत जातो. तो हाडात घट्ट बसला की हातोड्याचा आवाज एकदम टणक येतो. तिथे डॉक्टरांचा हात थांबला, आणि पडद्याच्या पलीकडून बाबा झोपेतच अस्सल इंदुरी बोलीत पुटपुटले, "बैठ गया भिया, अब मत ठोको." सगळं ऑपरेशन थिएटर हसलं म्हणे. मी पण हसले आणि तिथल्या खुर्चीवर बसून थोडी रडलेही.

हा किस्सा बाबांना सांगायला नको होता. तो ऐकल्यापासून त्यांची अशी समजूत झाली की स्वतःच्या सांध्यातलं त्यांना डॉक्टरांइतकंच कळतं.

हॉस्पिटलमधून घरी सोडताना नियम सांगितले. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी, आणि कमरेतून वाकून पायापर्यंत हात न्यायचा नाही, नाहीतर नवा गोळा वाटीतून निसटेल. यातला शेवटचा नियम आमच्या घरात सगळ्यात अवघड ठरला. वाकायचं नाही म्हणजे मोजे कोण घालणार, बूट कोण घालणार, नखं कोण काढणार?

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. माळव्यात मुलगी आईबापाच्या पाया पडत नाही. मुलगी म्हणजे देवी, तिच्या पाया आपण पडायचं, तिला आपल्या पायांना हात लावू द्यायचा नाही. इंदूरच्या सगळ्याच मराठी घरांत हे नाही. पण आमचे लोक दरबारच्या फौजेबरोबर इथे आले आणि पिढ्यान्‌पिढ्या माळवी शेजारात राहिले, त्यात ही रीत कधी घरात शिरली आणि कुळाचाराइतकी पक्की झाली कोण जाणे. लहानपणी पुण्याहून आलेल्या मावसबहिणी दिवाळीला टपाटप सगळ्यांच्या पाया पडायच्या, मी आपली बाजूला उभी. त्यांचं बघून एकदा वाकले तर बाबा असे मागे सरकले, जणू मी त्यांच्या पायांवर काही सांडत होते.

जावयाचं तर विचारूच नका. त्याचे पाय सासऱ्याने धुवायचे, त्याने सासऱ्याच्या पायांना हात लावायचा म्हणजे पापच. माझा नवरा बिचारा मोजे घेऊन पुढे झाला, तर बाबांनी पलंगावरून असे काही हात जोडले की तो मोजे खाली ठेवून चहा करायला निघून गेला.

सुरुवातीला पायांचं सगळं करायला एक माणूस ठेवला होता. तो त्याच्या गावी लग्नाला गेला आणि परतलाच नाही. दुसरा बघू म्हटलं तर बाबा म्हणाले, रहने दे, मी करून घेतो. मग त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या कागदावर चित्रं काढली आणि मिस्त्रीला दिली. बूट घालायला लांब दांड्याचं शूहॉर्न आलं. मोजा ओढून घ्यायला दोन दोऱ्या लावलेली पत्र्याची पन्हळ आली. खाली पडलेलं उचलायला खटक्याचा चिमटा आला, तो तर इतका सुबक की मिस्त्रीने त्याला पॉलिशसुद्धा करून आणलं. मला कौतुकही वाटायचं आणि रागही यायचा. मी समोर उभी असताना हा माणूस अर्धा तास पन्हळीशी झटापट करून एक मोजा चढवणार, घामाघूम होणार आणि मग विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघणार.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट यायचा. अमरावतीचा तरुण मुलगा, इथे नुकताच नोकरीला लागलेला, बोलायला गोड. "काका, टाच आधी टेकवा, मग पंजा." बाबा त्याला "हाँ भिया, टेकवतोय ना" म्हणून उत्तर द्यायचे. वॉकर सुटला, काठी आली. दुखणं पार गेलं. पण लंगडणं जाईना. उलट एक नवीनच झोक आला, डाव्या पायावरून चालताना ते जहाजासारखे कलायचे. फिजिओ बुचकळ्यात पडला. बाबांना विचारावं तर ते म्हणायचे, अरे वक्त लगता है, जुनं मशीन आहे. त्यांच्या डोळ्यांत मात्र काहीतरी लपवल्याची चमक होती. ती मला ओळखता यायला हवी होती.

एका रविवारी मी त्यांचे बूट उन्हात ठेवायला उचलले. उजवा बूट चांगलाच जड लागला. आतली गादी काढली, तर खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, टाचेच्या आकाराला बरोबर कापलेल्या, कडा गोल केलेल्या, एकावर एक. काम मिस्त्रीचं, हे बघताक्षणी कळलं. तसाच बूट हातात घेऊन मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. ते जराही ओशाळले नाहीत. उलट बरं झालं, कळलं एकदाचं, अशा थाटात त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं.

डावा पाय लांब झालाय, हे त्यांना पहिल्या दिवसापासून जाणवत होतं. डॉक्टरांनी हाताच्या अंदाजाने बसवला ना, मग असंच होणार. पण नुसतं जाणवून काय उपयोग, माप हवं. म्हणून ते पलंगावर उताणे झोपले, पाय सरळ केले आणि तळवे पलंगाच्या पायथ्याच्या लोखंडी पट्टीला टेकवायला गेले. डावी टाच टेकली, उजवी टेकेना. मधली फट मोजायची पद्धत आम्हाला दोघांनाही पाठ आहे: वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या घालत जायच्या, नेमकी अडकून बसेल ती खरी. मिस्त्रीकडून पट्ट्या मागवल्या, त्या लांब चिमट्याने एकेक सरकवल्या, फट भरली, आणि तेवढं पॅकिंग बुटात घातलं. दीदीला, म्हणजे मला, सांगू नको, अशी मिस्त्रीला ताकीदही दिली होती.

"पट्टी काय खोटं बोलते का?" बाबा म्हणाले.

मी त्याच बैठकीत डॉक्टरांना फोन लावला. ऐकून ते म्हणाले की आधी ते पॅकिंग काढा. पाय लांब नाहीच. वर्षानुवर्षं लंगडल्याने त्या बाजूचे स्नायू आखडलेत, त्यांनी कंबर तिरपी ओढून धरलीय, म्हणून पाय लांब भासतो. व्यायामाने ते स्नायू सैल झाले की कंबर सरळ होते, काही महिन्यांत पाय आपोआप सारखे वाटायला लागतात. पण दुसऱ्या बुटात पॅकिंग घालून चालत राहिलात तर स्नायूंना ताणायचं कारणच उरत नाही, आणि तिरपेपण कायमचं बसतं. मग सांधा कितीही चांगला बसलेला असो, सरळ उभं राहणं विसरा. लेथवर तासन्‌तास उभं राहून काम तर नाहीच नाही.

हे सगळं मी जसंच्या तसं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टर आपली बाजू सांभाळणारच. एक्स-रे दाखवला, तर म्हणाले, फोटो आहे तो, माप नाही. फिजिओने टेप लावून पाय मोजले आणि सारखे आहेत म्हणाला. तो गेल्यावर बाबांनी निकाल दिला: पोरगा चांगला आहे, पण टेप ढिली धरतो.

मग मी चिडून विचारलं की या इंदुरात कोणाच्या हातचं माप तुम्हाला चालेल? ते पटकन बोलून गेले, "तुझ्या." आणि लगेच मान फिरवून खिडकीकडे बघायला लागले.

खरंच होतं ते. माप घ्यायला मला त्यांनीच शिकवलं. मायक्रोमीटर किती आवळायचा हे त्यांनी माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून शिकवलं होतं. त्यांची नजर कमी झाल्यापासून आकडा मी वाचायचा आणि त्यांनी तो तसाच मानायचा, एकदाही पुन्हा तपासायचा नाही. आता सगळ्या जगात ज्या एका हातावर त्यांचा विश्वास, त्या हाताला त्यांच्या पायाला शिवायची मनाई. मी म्हटलं, मग मी घेते ना माप, झोपा. ते नाही नाही म्हणून मान हलवत राहिले. मी पुढे झाले, तसे त्यांनी दोन्ही पाय चादरीखाली ओढून घेतले.

मला त्यांचा असा संताप आला की मी तशीच उठून घरी गेले. पुढचे काही दिवस डबा पाठवला, स्वतः गेले नाही. भांडणात आम्ही दोघंही एकमेकांना भारी आहोत.

मग एका दुपारी वर्कशॉपच्या दारात रिक्षा थांबली आणि बाबा उतरले. पॅकिंगचे बूट घालून, काठी टेकत, त्या नव्या झोकात कलत आत आले. माझ्याकडे बघितलं नाही. थेट आपल्या लेथकडे गेले, त्यावरचं फडकं काढलं, काठी बाजूला टेकवली आणि उभे राहिले. मिस्त्रीने मशीनवर एक जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, लावून दिला. बाबांनी मशीन सुरू केलं, आणि मी दुसरीकडे बघत असल्याचं सोंग करत त्यांच्याकडेच बघत राहिले. थोडा वेळ ठीक चाललं. मग त्यांनी वजन उजवीकडे घेतलं, मग डावीकडे, मग हात कमरेवर गेला. मशीन बंद केलं. मिस्त्रीने स्टूल आणलं, आणि बाबा त्यावर बसले.

त्यांचा खुबा दुखत नव्हता. नवा सांधा उत्तम होता. त्यांची पाठ धरली होती, त्या पट्ट्यांनी. स्टुलावर बसून ते त्या थांबलेल्या चाकाकडे बघत होते आणि मला त्या क्षणी माझा सगळा राग निरुपयोगी वाटला. मी त्यांना घरी सोडलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा पलंगावर उताणे झोपले होते. चादर घडी करून बाजूला ठेवलेली, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, पाय उघडे. छातीवर शिंप्याची टेप. त्यांनी छताकडे बघतच हात जोडले, माझ्यासाठी की देवासाठी ते कळलं नाही.

"घे माप बेटा," ते म्हणाले. "तू घेतलंस की मी मानेन."

मी त्यांच्या पायांशी बसले. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, आणि माझ्या वडिलांचे पाय इतक्या जवळून पहिल्यांदा बघत होते. उजव्या अंगठ्यावर एक जुना खोल व्रण होता. विचारलं, तर म्हणाले, तुझ्या जन्माआधी लेथचा जड चक पडला होता पायावर. पायांची बोटं थंड होती. आणि नखं, ती वाढून वळली होती, एका बोटात रुतलं होतं, कडेने लाल झालेलं. चिमट्याने सगळं काही उचलता येतं, नखं काही काढता येत नाहीत. हे दुखणं ते कोणाला न सांगता मोज्यात घालून फिरत होते. मला रडू आवरेना. बाबा म्हणाले, आधी रडून घे, डोळ्यांत पाणी असलं की आकडा चुकतो.

डॉक्टरांनी फोनवर रीत सांगितली होती. पलंगाच्या पट्टीपासून मोजायचं नाही. कमरेच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे हाडाचं एकेक टोक हाताला लागतं, तिथून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत मोजायचं. म्हणजे कंबर कशीही तिरपी असली तरी माप पायाचंच येतं. मी बाबांना म्हटलं, मला पहिल्या दिवशी काय शिकवलंत, मोजायच्या आधी कुठून मोजायचं ते ठरव. तुम्ही पलंगापासून मोजलंत. मी त्यांची बोटं धरून त्या हाडावर ठेवली आणि टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं. दुसरं टोक घेऊन मी घोट्यापाशी गेले, त्यांची टाच तळहातावर घेतली. ती मागे ओढली गेली नाही.

शून्य त्यांनी धरलं होतं, आकडा मी वाचला. मग दुसरा पाय. तोच आकडा.

"पुन्हा," बाबा म्हणाले. मी पुन्हा घेतलं. टेप ताणून, ढिली न सोडता, जसं त्यांनी शिकवलं तसं. तोच आकडा. त्यांनी टेपचं टोक हाडावर किंचित सरकवून नीट बसवलं आणि आणखी एकदा घ्यायला लावलं. काही फरक पडला नाही.

त्यांनी टेपचं टोक सोडून दिलं.

"म्हणजे डॉक्टरांनी बरोबर बसवलाय," ते म्हणाले. "वाकडा मीच आहे."

मी हसले, मग तेही हसले, आणि टेप त्यांच्या पोटावर हलत राहिली. मग मी गरम पाणी आणलं, पाय भिजवले, नखं काढली, रुतलेल्या बोटाला मलम लावलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मध्येच म्हणाले की हे काही ठीक नाही, आई असती तर रागावली असती. मी म्हटलं, आई असती तर तिने हे कधीच करून टाकलं असतं. हे त्यांना पटलं. मोजे मी घातले. बुटातल्या पट्ट्या काढून मी मिस्त्रीला परत केल्या. त्याने त्या गुपचूप भंगारात टाकल्या आणि त्या आठवड्यात माझ्याशी फारच अदबीने वागला.

त्यानंतरचे महिने सोपे नव्हते. पट्ट्या काढल्यावर पहिले काही दिवस बाबांना आपण खड्ड्यात पाय टाकतोय असं वाटायचं. स्नायू ताणायचे व्यायाम ते कुरकुरत करायचे, फिजिओला "भिया, जान लेगा क्या" म्हणायचे, पण करायचे. सकाळी मी जायचे, मोजे आणि बूट घालायचे, आणि आम्ही गल्लीत चालायचो. त्यांची पावलं वाजणं हळूहळू बदललं. एके दिवशी मिस्त्री पाठमोरा काम करत होता, बाबा त्याच्या मागे जाऊन उभे राहिले तरी त्याला कळलं नाही. वळून बघितल्यावर तो दचकलाच.

त्या दिवशी बाबा लेथपुढे उभे राहिले. काठी दाराशीच ठेवली होती. एका ब्रोचच्या मुठीचं काम होतं, नाजूक, वेळ खाणारं. मिस्त्रीने सवयीने स्टूल जवळ आणून ठेवलं आणि ते तसंच पडून राहिलं. दोन्ही पायांवर सारखं वजन, खांदे सरळ, हात संथ. मी माझ्या टेबलावरून बघत होते. इतक्या वर्षांनी माझे वडील सरळ दिसत होते, आणि मला आठवलं की ते उंच आहेत.

मूठ पूर्ण झाली. त्यांनी ती उतरवून माझ्याकडे धरली, मी माप घेतलं, आकडा सांगितला, त्यांनी मान हलवली. तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. त्यांच्या डाव्या बुटाची नाडी सुटून लेथखालच्या लोखंडाच्या किसात लोळत होती. त्यांना अजूनही वाकायची परवानगी नव्हती. मी तिथेच, मिस्त्री आणि बाकीच्या कारागिरांसमोर, खाली वाकले आणि नाडी बांधायला लागले.

बाबांनी पाय मागे घेतला नाही.

आणि मग माझ्या डोक्यावर त्यांचा हात आला. तेलाने माखलेला, जड, अख्खा तळहात. पाया पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आपोआप येतो तसा. आमच्या घरात मुली वाकत नाहीत, म्हणून तो हात माझ्या वाट्याला कधी आलाच नव्हता, आणि तो माझ्या वाट्याला आलेला नाही हे मला तोवर माहीतही नव्हतं. नाडी केव्हाच बांधून झाली होती. मी गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.